दर्जा आणि सत्ता : लुई द्यूमाँ यांच्या श्रेणीसिद्धांताची चिकित्सा

सारांश

जातिव्यवस्थेत दर्जा आणि सत्ता ही दोन भिन्न तत्त्वे असून सत्ता दर्जाच्या अधीन असते, अशी मांडणी फ्रेंच मानवशास्त्रज्ञ लुई द्यूमाँ यांनी 'होमो हायरार्किकस' (१९६६) या ग्रंथात केली. प्रस्तुत लेखात या मांडणीचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासल्या आहेत. त्यासाठी शिवराज्याभिषेक, पेशवाईतील जातिनियमन, महार वतन, वेदोक्त प्रकरण व महाडचा सत्याग्रह या महाराष्ट्राच्या इतिहासातील प्रसंगांचा आधार घेतला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची 'श्रेणीबद्ध विषमता' ही संकल्पना मूल्य व सत्ता या दोहोंना एकाच चौकटीत आणते आणि म्हणून ती अधिक स्पष्टीकरणक्षम ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : श्रेणी, दर्जा, सत्ता, शुद्ध-अशुद्ध, समावेशन, श्रेणीबद्ध विषमता.

प्रस्तावना

माणसामाणसांतील उच्चनीचतेचा प्रश्न तत्त्वज्ञानाइतकाच जुना आहे. प्लेटोने आपल्या आदर्श नगरराज्यात सोने, रुपे व लोखंड-तांबे या धातूंच्या रूपकातून नागरिकांचे तीन वर्ग कल्पिले. ॲरिस्टॉटलने काही माणसे निसर्गतःच आज्ञा देण्यासाठी व काही आज्ञा पाळण्यासाठी जन्मतात असे मानले. आधुनिक काळात हॉब्ज, लॉक व रूसो यांनी निसर्गावस्थेत माणसे समान असतात असे गृहीत धरले आणि त्यामुळे प्रश्नाचा रोख बदलला. विषमता नैसर्गिक नसेल तर ती टिकते कशी आणि लोक ती मान्य का करतात, हा विचार पुढे आला.

या प्रश्नाला समाजशास्त्रात मॅक्स वेबर यांनी नेमके रूप दिले. वर्ग, दर्जा व पक्ष यांत त्यांनी भेद केला. बाजारातील स्थानावरून वर्ग ठरतो, समाजात मिळणाऱ्या मानावरून दर्जा ठरतो, तर पक्ष सत्तेसाठी संघटित होतो. वेबर यांच्या लेखी ही तिन्ही समाजातील सत्तावाटपाचीच रूपे होती. म्हणजे मान हाही सत्तेचा एक प्रकार होता. द्यूमाँ यांनी नेमका हाच दुवा तोडला. दर्जा हा सत्तेचा प्रकार नव्हे, तो सत्तेहून वेगळा आणि तिच्याहून वरचा आहे, असे त्यांनी भारताच्या संदर्भात ठामपणे मांडले. हा दुवा तोडल्याने काय हाती लागते आणि काय निसटते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

द्यूमाँ यांची मांडणी

लुई द्यूमाँ (१९११-१९९८) यांनी तामिळनाडूतील प्रमलै कळ्ळर या जातीचा प्रत्यक्ष क्षेत्राभ्यास केला होता. डेव्हिड पोकॉक यांच्यासह त्यांनी १९५७ मध्ये 'काँट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी' हे नियतकालिक सुरू केले. भारतीय समाजाचा अभ्यास समाजशास्त्र व भारतविद्या या दोहोंच्या संगमावर व्हावा, ही त्यांची भूमिका होती. 'होमो हायरार्किकस'चे इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये व परिवर्धित इंग्रजी आवृत्ती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली.

द्यूमाँ यांचा युक्तिवाद थोडक्यात असा आहे. सेलेस्तँ बूग्ले यांनी १९०८ मध्ये जातिव्यवस्थेची तीन लक्षणे सांगितली होती : जातींमधील विलगता, आनुवंशिक व्यवसाय आणि उच्चनीच क्रम. द्यूमाँ यांच्या मते ही तिन्ही लक्षणे शुद्ध आणि अशुद्ध यांच्या विरोधातून निष्पन्न होतात. शुद्ध हे अशुद्धाहून श्रेष्ठ, म्हणून क्रम. शुद्धाने अशुद्धापासून दूर राहिले पाहिजे, म्हणून विलगता. शुद्ध व अशुद्ध कामे वेगळी ठेवली पाहिजेत, म्हणून श्रमविभागणी. या एका तत्त्वाने संपूर्ण व्यवस्थेला आकार येतो.

श्रेणी म्हणजे आज्ञांची साखळी नव्हे, हा त्यांचा दुसरा मुद्दा. सैन्यातील हुद्द्यांप्रमाणे वरच्याने खालच्याला हुकूम देणे एवढाच त्यांना श्रेणीचा अर्थ अभिप्रेत नाही. समग्रतेच्या संदर्भात तिच्या घटकांना क्रम लावण्याचे तत्त्व म्हणजे श्रेणी. श्रेष्ठ घटक कनिष्ठाला आपल्या विरोधी ठेवतो आणि त्याच वेळी त्याला आपल्या पोटातही घेतो. या संबंधाला त्यांनी विरोधी घटकाचे समावेशन मानले.

तिसरा मुद्दा प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. राजाकडे सत्ता असते, परंतु दर्जाने ब्राह्मण त्याच्याहून श्रेष्ठ असतो. ब्राह्मणाकडे श्रेष्ठ दर्जा असतो, परंतु निर्वाहासाठी तो राजावर अवलंबून असतो. अर्थ हा धर्माच्या अधीन असावा हे पुरुषार्थांच्या क्रमातील तत्त्व येथे सामाजिक रूप घेते. दर्जा व सत्ता यांची अशी निरपवाद फारकत हेच द्यूमाँ यांना भारतीय समाजाचे वैशिष्ट्य वाटते.

या मांडणीचे श्रेय नाकारता येत नाही. जातिव्यवस्था म्हणजे केवळ आर्थिक वर्गांची टोकाची अवस्था, हा सोपा समज तिने खोडून काढला. समतेच्या मूल्यात वाढलेल्या अभ्यासकाला श्रेणी हे मूल्य म्हणून दिसतच नाही, हा द्यूमाँ यांचा इशाराही मोलाचा आहे. जात लोकांच्या मनात मूल्यरूपाने वसते. तिला केवळ बळजोरी म्हणून समजून घेणारा अभ्यासक, ज्याच्यावर बळजोरी होत नाही तोही तिचे नियम का पाळतो, याचे उत्तर देऊ शकत नाही.

सिद्धांतातील अंतर्गत अडचण

तथापि या सिद्धांतात एक अडचण अगदी आरंभापासून आहे. शुद्धतेचे तत्त्व जर एकमेव असेल, तर मांसाहारी क्षत्रिय शाकाहारी वैश्याच्या वर का असतो, याचे उत्तर त्या तत्त्वातून मिळत नाही. द्यूमाँ यांना ही अडचण ठाऊक होती. दोन टोकांना दर्जाचे तत्त्व निर्भेळ राहते, परंतु मधल्या पायऱ्यांवर सत्ता छुपेपणाने दर्जाच्या बरोबरीला येते, असे त्यांनी मान्य केले. ही कबुली किरकोळ नाही. व्यवस्थेतील बहुसंख्य जाती या मधल्या पायऱ्यांवरच आहेत. बहुसंख्यांच्या बाबतीत ज्या तत्त्वाला अपवाद करावा लागतो, ते संपूर्ण व्यवस्थेचे तत्त्व म्हणून कितपत टिकते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

समीक्षकांनी हा सिद्धांत वेगवेगळ्या बाजूंनी तपासला. जेराल्ड बेरेमन यांनी १९७१ मध्ये ही जातीकडे पाहण्याची ब्राह्मणी दृष्टी असल्याची टीका केली. व्यवस्था खालून पाहणाऱ्याला ती मूल्यांच्या सुसंवादी रचनेऐवजी वंचनेच्या रूपात भेटते, हा त्यांचा आक्षेप होता. निकोलस डर्क्स यांनी पुदुकोट्टई संस्थानाच्या अभ्यासातून (१९८७) दाखविले की, तेथील जातींचा क्रम राजसत्तेशी असलेल्या जवळिकीने घडला होता आणि राजमुकुट पोकळ झाला तो वसाहतकाळात. दीपंकर गुप्ता यांनी सर्वमान्य असा एकच क्रम मुळात अस्तित्वात नाही याकडे लक्ष वेधले. बहुतेक जातींच्या उत्पत्तिकथा स्वतःच्या जातीला उच्च स्थान देतात. हे आक्षेप महत्त्वाचे असले तरी प्रत्येक आक्षेप व्यवस्थेच्या एकेका बाजूवर भर देतो. दर्जा आणि सत्ता एकमेकांत कसे मिसळतात याची प्रक्रिया समजून घेण्यासाठी विशिष्ट प्रदेशाच्या इतिहासाकडे वळणे आवश्यक ठरते. महाराष्ट्राचा इतिहास त्या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासाची साक्ष

६ जून १६७४ रोजी रायगडावर झालेला शिवराज्याभिषेक प्रथमदर्शनी द्यूमाँ यांच्या बाजूने साक्ष देतो. स्वपराक्रमाने राज्य निर्माण केलेल्या राजालाही क्षत्रियत्वाची मान्यता मिळवावी लागली; गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली राज्याभिषेकापूर्वी मौंजीबंधन करावे लागले. तलवारीने जे मिळाले होते त्याला मंत्राची जोड आवश्यक मानली गेली. परंतु याच घटनेची दुसरी बाजूही आहे. क्षत्रियत्व सिद्ध करणारी वंशावळ आणि विधी उपलब्ध झाले ते राज्य उभे राहिल्यानंतर. दर्जा सत्तेला मान्यता देत होता हे खरे; मात्र कोणाच्या दर्जाचा विचार व्हावा हे सत्तेनेच ठरविले होते. या व्यवहारात दोन्ही तत्त्वे एकमेकांची निर्मिती करताना दिसतात.

पेशवाईचा काळ द्यूमाँ यांच्या सिद्धांताची अधिक कठीण परीक्षा घेतो. अठराव्या शतकात पुण्यात श्रेष्ठ दर्जा व राजकीय सत्ता एकाच हाती आली. हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने मराठी कागदपत्रांच्या आधारे केलेल्या अभ्यासातून (१९६८) असे दिसून येते की, पेशव्यांचे सरकार जातिनियमांच्या बाबतीत तटस्थ नव्हते. जातिबहिष्कार, प्रायश्चित्त, जातीत परत घेणे, कोणत्या जातीने कोणते विधी करावेत यांसंबंधीच्या वादांत सरकार निर्णय देत असे व ते अमलातही आणीत असे. ग्रामण्यांचा इतिहासही हेच सांगतो. जी श्रेणी निव्वळ मूल्याच्या बळावर उभी आहे असे म्हटले जाते, तिला टिकून राहण्यासाठी सरकारी आज्ञापत्र लागत होते. मूल्य स्वयंपूर्ण असते तर आज्ञापत्राची गरज पडली नसती.

खेड्याच्या पातळीवर हीच गोष्ट वतनव्यवस्थेत दिसते. महार वतनदाराने गावाची हद्द राखणे, निरोप पोहोचविणे, सरकारी कामाला हजर राहणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे करावयाची आणि त्याबदल्यात थोडी इनाम जमीन व बलुते घ्यावयाचे, अशी ही रचना होती. या कामांपैकी काही अशुद्ध मानली गेली, काही मात्र शासनयंत्रणेची होती. द्यूमाँ यांच्या चौकटीत पहिल्या प्रकारची कामे दर्जाच्या व दुसऱ्या प्रकारची सत्तेच्या खात्यात जमा होतील. वतनदाराच्या आयुष्यात मात्र अशी दोन खाती नव्हती. एकाच वतनाने त्याला गावाशी बांधले, त्याचा निर्वाह इतरांच्या मर्जीवर ठेवला आणि त्याच्या अस्पृश्यतेला रोजच्या कामाचे रूप दिले. इंग्रजी राजवटीने १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या नात्याला कायदेशीर आकार दिला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी दुरुस्ती विधेयक मांडले आणि पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात वतनाच्या प्रश्नाला इतके महत्त्व का मिळाले, हे दर्जा व सत्ता वेगळे मानल्यास समजत नाही.

सन १८९९ च्या सुमारास कोल्हापुरात उद्भवलेले वेदोक्त प्रकरण या संबंधाचा आणखी एक पैलू उघड करते. छत्रपती शाहू महाराजांसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात होते. म्हणजे राज्य करणाऱ्याचा दर्जा त्याच्याच पुरोहिताने नाकारला होता. द्यूमाँ यांना अभिप्रेत असलेली फारकत याहून स्पष्ट रूपात क्वचितच सापडेल. परंतु महाराजांनी ही फारकत मान्य केली नाही. राजोपाध्यांचे इनाम जप्त झाले आणि २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखीव ठेवण्यात आल्या. मंत्राचा वाद आणि नोकऱ्यांचा आदेश या दोन गोष्टी त्या काळाच्या इतिहासात शेजारी शेजारी येतात, यात अर्थ आहे. मंत्राचा अधिकार ज्या वर्गाकडे होता, त्याच वर्गाकडे शिक्षण व कारभारही एकवटला होता. दर्जाचा प्रश्न सोडवावयाचा तर सत्तेच्या वाटणीला हात घालावा लागतो, ही जाणीव त्या आदेशात व्यक्त झाली.

महाडचा सत्याग्रह आणि शुद्धतेचा युक्तिवाद

शुद्ध-अशुद्ध या तत्त्वाची सर्वांत निर्णायक कसोटी महाडला लागली. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव संमत केला होता व महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर परिषदेसाठी आलेल्या लोकांना मारहाण झाली आणि पुढे पंचगव्याने तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले.

या घटनाक्रमात तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, त्या तळ्यावर हिंदूंखेरीज इतर धर्मीयांनाही मज्जाव नव्हता. शुद्धतेचे तत्त्व सर्वांना सारखे लागू होत नव्हते. एका विशिष्ट समूहाला त्याच्या जागी ठेवण्यासाठीच ते वापरले जात होते. दुसरी, आधी मारहाण झाली व नंतर शुद्धीकरण. काठी आणि पंचगव्य ही एकाच कृतीची दोन अंगे होती. तिसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. १९२७ च्या डिसेंबरमध्ये काही स्पृश्यांनी न्यायालयात दावा दाखल केला तेव्हा तळे खाजगी मालकीच्या स्वरूपाचे असल्याचे प्रतिपादन केले. तळ्याकाठी जो विटाळ होता, तो न्यायालयात मालमत्तेचा हक्क झाला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा दावा अंतिमतः फेटाळला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे सिद्ध झाले नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

द्यूमाँ यांच्या सिद्धांतानुसार कनिष्ठ हा समग्रतेत सामावलेला असतो. महाडला जमलेल्या हजारो लोकांनी हे समावेशन नाकारले. व्यवस्थेच्या मूल्यांवर सर्वांची सहमती आहे असे गृहीत धरणाऱ्या सिद्धांताला या नकाराचा अर्थ लावता येत नाही. तो एकतर त्याला आधुनिक, बाहेरून आलेल्या समतेच्या विचाराचा परिणाम मानील किंवा अपवाद म्हणून बाजूला ठेवील. दोन्ही वेळा व्यवस्थेच्या तळाशी असलेल्या माणसाचे स्वतःचे मत हिशेबात येत नाही.

श्रेणीबद्ध विषमता

डॉ. आंबेडकरांची मांडणी येथे पुढचे पाऊल टाकते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात सादर केलेल्या निबंधात त्यांनी अंतर्विवाह हे जातीचे सार मानले होते आणि विटाळाची कल्पना जातीचे मूळ लक्षण मानण्यास नकार दिला होता. म्हणजे द्यूमाँ यांनी ज्या तत्त्वावर संपूर्ण इमारत उभारली, ते तत्त्व त्यांनी पन्नास वर्षे आधी दुय्यम ठरविले होते. पुढे १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या व प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या भाषणात, जात ही कामांच्या वाटणीपुरती मर्यादित नसून काम करणाऱ्या माणसांनाच परस्परांपासून वेगळे करणारी उतरंड आहे, असे त्यांनी दाखवून दिले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतही त्यांनी श्रेणीबद्ध विषमतेचा उल्लेख केला.

या संकल्पनेचे वेगळेपण 'श्रेणीबद्ध' या शब्दात आहे. मालक आणि गुलाम अशी दोनच टोके असतील तर खालचे सर्व एक होऊन वरच्याविरुद्ध उठू शकतात. उतरंडीत तसे होत नाही. सर्वांत वरचा व सर्वांत खालचा सोडला तर प्रत्येकाच्या वर कोणीतरी आणि खाली कोणीतरी असते. वरच्याकडून होणारा अपमान सलतो, परंतु खालच्यावर असलेला अधिकार सोडवत नाही. प्रत्येक मधल्या पायरीला व्यवस्थेविरुद्ध तक्रार असते आणि तिच्यात हितसंबंधही असतो. व्यवस्था टिकते ती या विभागलेल्या हितसंबंधांमुळे. सर्वांची सहमती असल्यामुळे नव्हे.

हे विवेचन द्यूमाँ यांच्या अडचणीचे उत्तर देते. ज्या मधल्या पायऱ्यांवर द्यूमाँ यांना सत्तेची छुपी घुसखोरी दिसते, त्याच पायऱ्या आंबेडकरांच्या मांडणीत व्यवस्थेचा गाभा ठरतात. दर्जा हा येथे सत्तेचा लहानसा, परंतु प्रत्येकाला मिळालेला वाटा असतो. जमीन नसलेल्यालाही खालच्या जातीपुढे मान मिळतो आणि तो मान राखण्यासाठी तो संपूर्ण उतरंडीचा रखवालदार बनतो.

मात्र आंबेडकरांनी मूल्यांचे महत्त्व नाकारले, असा याचा अर्थ नाही. हितसंबंध हे एकमेव कारण असते तर कायदा व आर्थिक सुधारणा पुरेशा ठरल्या असत्या. आंबेडकरांनी शास्त्रांच्या पावित्र्यावर प्रहार केला, २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. श्रेणीला धार्मिक मूल्याचे अधिष्ठान आहे, हे द्यूमाँ यांच्याइतकेच त्यांनाही मान्य होते. फरक असा की, द्यूमाँ मूल्याला सत्तेच्या वर ठेवतात आणि तेथेच थांबतात. आंबेडकर ते मूल्य कोणाच्या हिताचे आहे, ते कोण अमलात आणते आणि ते नाकारणाऱ्याचे काय होते, हे विचारतात.

मिशेल फुको यांच्या विचाराशी तुलना केल्यास ही भूमिका अधिक स्पष्ट होते. 'डिसिप्लिन अँड पनिश' या नावाने परिचित असलेल्या ग्रंथात (मूळ फ्रेंच १९७५) त्यांनी शाळा, सैन्य व कारखाना यांत माणसाला विशिष्ट स्थान देणे हेच सत्तेचे तंत्र कसे बनते, ते दाखविले. सत्ता वरून खाली येणाऱ्या हुकमापुरती मर्यादित नसून मांडणीतच ती भिनलेली असते, हा विचार आंबेडकरांच्या विवेचनाला जवळचा आहे. परंतु शाळेतील क्रमांक परीक्षेगणिक बदलू शकतो. जातीची पायरी जन्माने ठरते व अंतर्विवाहाने पुढे चालते. म्हणून फुको यांची चौकट जातीला जशीच्या तशी लावता येत नाही.

आजचा संदर्भ

हा वाद केवळ ग्रंथांपुरता नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याचा अधिकार राज्यांना असल्याचा निर्णय दिला आणि २००४ चा विरुद्ध निर्णय रद्द ठरविला. या निर्णयाच्या इष्टतेबद्दल मतभेद आहेत. परंतु वंचित समूहांमध्येही पायऱ्या असतात व त्यांचे परिणाम संधींच्या वाटपात दिसतात, हा त्यामागील प्रश्न श्रेणीबद्ध विषमतेचाच आहे. द्यूमाँ यांच्या दृष्टीने पाहिल्यास या पायऱ्या म्हणजे वरच्या मूल्यांची खालच्या थरांतील पुनरावृत्ती ठरेल. आंबेडकरांच्या दृष्टीने त्या मर्यादित संधींच्या विषम वाटपाच्या खुणा आहेत. पहिल्या निदानातून कोणतेही धोरण निघत नाही; दुसऱ्यातून निघते. आणि वंचितांमध्ये फूट न पडता हे धोरण कसे राबवावे, हा त्याहून अवघड प्रश्नही दुसऱ्या निदानातूनच समोर येतो.

निष्कर्ष

१. श्रेणी हे मूल्य आहे आणि ते निव्वळ बळजोरीने समजत नाही, हे द्यूमाँ यांचे योगदान स्वीकारार्ह आहे.

२. दर्जा व सत्ता यांची निरपवाद फारकत मात्र टिकत नाही. राज्याभिषेक, पेशवाईतील जातिनियमन व महार वतन यांत ही दोन्ही तत्त्वे परस्परांना घडविताना दिसतात.

३. वेदोक्त प्रकरण आणि महाडचा सत्याग्रह यांतून असे दिसून येते की, शुद्धतेची भाषा अनेकदा अधिकार व मालमत्ता यांच्या राखणीची भाषा असते.

४. श्रेणीबद्ध विषमतेची संकल्पना व्यवस्थेचे स्थैर्य आणि तिच्याविरुद्धचा नकार या दोहोंचे स्पष्टीकरण देते. द्यूमाँ यांच्या सिद्धांतातून यांपैकी दुसऱ्याचे स्पष्टीकरण मिळत नाही.

उच्चनीचतेचा कोणताही सिद्धांत तपासताना तो तळाशी उभ्या असलेल्या माणसाच्या मताला काय स्थान देतो, हे पाहणे अगत्याचे आहे. ज्या समग्रतेचे वर्णन तिच्यातील कनिष्ठाला विचारल्याशिवाय पूर्ण होते, ती समग्रता वरून पाहणाऱ्यापुरतीच समग्र असते.